लहान रुग्ण, मोठे हात : अर्भकांच्या शस्त्रक्रियेची अवजारे

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांआधी एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या शब्दांत माहिती देण्याचा प्रघात आपल्या संस्थेने पाळला आहे. यंदाचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो एका आजीबाईंनी आमच्यापुढे ठेवला. आचोळे गावातीलच एका कुटुंबातील दीड महिन्याचे बाळ शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले होते. संमतिपत्रावर सही घेण्याच्या वेळी शस्त्रक्रियागृहाचे दार क्षणभर उघडे राहिले आणि आतील ट्रॉलीवर मांडलेली अवजारे आजींच्या दृष्टीस पडली. आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "साहेब, एवढ्याशा जिवाला एवढाली अवजारं?"

ती अवजारे आधीच्या, प्रौढ रुग्णाच्या शस्त्रक्रियेची होती. बाळासाठीचा संच अद्याप उघडायचा होता. तसे आम्ही सांगितले व आजींचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. कारण याच प्रश्नाचे उत्तर न शोधता काही वर्षांपूर्वी आम्ही एक खरेदी केली होती आणि ती फसली होती. त्या खरेदीचा हिशेब याच लेखात पुढे देत आहोत. देणगीदारांना तो मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, वैद्यक नव्हे. पुढील माहिती आपल्या बालशल्यचिकित्सकांनी, भूलतज्ज्ञांनी आणि थिएटर सिस्टरांनी आम्हास वेळोवेळी समजावून दिलेली आहे. मांडणीत काही उणे आढळल्यास ते आमचे समजावे.

प्रथम हा विषय आपल्या परिसराला का जवळचा आहे, ते सांगतो. बालकांची जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघर येथूनच सुरू झाला. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आला. या तपासणीत जन्मजात व्यंगांचा शोध हा एक प्रमुख भाग आहे. दुभंगलेले ओठ व टाळू, मुडपलेली पावले, हृदयातील दोष, जन्मजात मोतीबिंदू अशी व्यंगे लवकर उघडकीस येऊ लागली. रोग लवकर कळणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचा एक परिणाम असा की पूर्वी जे मूल चार-पाच वर्षांचे होऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले असते, ते आता काही महिन्यांचे, कधी काही आठवड्यांचे असतानाच येते. तपासणीचे वय खाली आले की अवजारांचे मापही खाली यावे लागते.

अर्भक म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

हे वाक्य बालशल्यचिकित्सक इतक्या वेळा उच्चारतात की आम्हास ते सुभाषितच वाटे. त्याचा अर्थ आकड्यांनी उमगला. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या शरीरात सर्व मिळून सुमारे 250 मिलिलिटर रक्त असते, म्हणजे घरचे चहाचे दोन कप भरतील एवढे. शस्त्रक्रियेत 10 मिलिलिटर रक्त कापसाच्या गॉजने टिपले गेले, तर साठ किलोच्या प्रौढाच्या बाबतीत ते सुमारे 165 मिलिलिटर गमावण्यासारखे होते. म्हणून अर्भकाच्या शस्त्रक्रियेत मोठे गॉज वापरीत नाहीत. छोटे वापरतात व प्रत्येक तोलून पाहतात. एक ग्रॅम वजन वाढले तर एक मिलिलिटर रक्त गेले असे धरतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे, तर भांडवल इतके अल्प आहे की किरकोळ खर्चाचेही व्हाउचर लागते.

श्वासनलिकेचे गणित याहून कठीण आहे. नवजात बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास जेमतेम 4 ते 5 मिलिमीटर असतो. चार मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर हवेला जाण्याची जागा एक चतुर्थांश उरते. मोठ्या माणसाला एवढी सूज घशात खवखव म्हणून जाणवेल. म्हणून नळी घालताना तिचे माप अर्ध्या मिलिमीटरनेही चुकून चालत नाही, आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने सगळी मापे कपाटात तयार ठेवावी लागतात. त्यांपैकी बऱ्याच नळ्या वर्षभरात न वापरताच मुदतबाह्य होतात. दरवर्षी लेखापरीक्षणात या 'वाया गेलेल्या' मालाबद्दल विचारणा होते. तो माल वाया गेलेला नसतो. अग्निशामक नळकांडे वापरावे लागले नाही म्हणून कोणी त्याचा खर्च फुकट गेला असे म्हणत नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ पुष्कळ जास्त असते व अंगावर चरबी थोडी. वातानुकूलित खोलीत उघडे ठेवलेले बाळ पाहता पाहता गार पडते. गार पडलेल्या बाळाचे रक्त नीट साकळत नाही, आणि भुलीतून बाहेर येण्यास त्याला विलंब लागतो. यासाठी नवजात शिशूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीचे तापमान 26 ते 28 अंश सेल्सिअसपर्यंत वाढवितात. आता वाचकांनी मे महिन्यातील आपल्या नालासोपाऱ्याचा उकाडा आठवावा आणि त्यात गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे घालून दीड तास उभे राहण्याची कल्पना करावी. बाळासाठी जे योग्य, ते शल्यचिकित्सकासाठी जाचक. अर्भकांसाठी अवजारे घडविण्याच्या शास्त्रातील मूळ पेच हाच आहे, आणि तो केवळ तापमानापुरता नाही.

हात लहान होत नाहीत

रुग्ण साठ किलोवरून तीन किलोवर आला, तरी शल्यचिकित्सकाचा पंजा तोच राहतो. म्हणून अवजाराच्या दोन टोकांना दोन मालक असतात. एक टोक बाळाच्या मापाचे हवे, दुसरे डॉक्टरांच्या मापाचे. प्रौढांचे अवजार सरसकट निम्म्या आकाराचे केले की काम झाले, अशी आमची भाबडी समजूत होती. तसे केले तर कात्रीच्या कड्यांत बोटेच जात नाहीत, मुठीला पकड मिळत नाही आणि दहा मिनिटांत हाताला वांब येतो. काम करणाऱ्याच्या शरीराला जुळतील अशी साधने घडविण्याच्या या शास्त्रास अर्गोनॉमिक्स म्हणतात. नाव परके असले तरी कल्पना आपल्या घरातली आहे. विळीचा पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे राहतात व अंगाचा भारच विळी धरून ठेवतो. ज्याने प्रथम विळी घडविली, त्याने बाईच्या बसण्याचा विचार आधी केला होता आणि पात्याचा नंतर.

अधिक जवळचे उदाहरण सोनाराचे. सोनाराचा चिमटा टोकाशी केसासारखा बारीक, पण बोटांत धरायला पुरेसा रुंद असतो. तो मुठीत धरीत नाहीत. लेखणीसारखा धरतात, मनगट टेकवितात व डोळ्याला भिंग लावतात. अर्भकाचे टाके घालणारे शल्यचिकित्सक नेमके हेच करतात. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रॅमन कॅस्ट्रोविएखो यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नीडल होल्डर आहे. त्याला कात्रीसारख्या कड्या नसतात. दोन चपट्या पट्ट्या स्प्रिंगने उघडतात आणि बोटांच्या हलक्या दाबाने मिटतात. बालशल्यचिकित्सकांनी तो नेत्रविभागाकडून उसना घेतला आणि परत केलाच नाही. कडीच्या अवजारात हालचाल अंगठ्यातून व मनगटातून येते. लेखणीच्या पकडीत ती बोटांच्या पेरांतून येते, आणि पेरांची हालचाल अधिक सूक्ष्म असते.

अवजार फक्त लहान नव्हे, हळुवारही हवे. अर्भकाच्या अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची, पिशवी कांद्याच्या दोन पाकळ्यांमधील पापुद्र्याएवढी पातळ असते, आणि मुलग्यांत तिला चिकटून दोऱ्याएवढी शुक्रवाहिनी जाते. मोठ्यांच्या चिमट्याच्या दातांत ती वाहिनी एकदा चेपली, तर वरून काहीच दिसत नाही. नुकसान वीस-पंचवीस वर्षांनी, संसार थाटल्यावर कळण्याची शक्यता असते. त्यामुळे चिमट्याचे दात किती खोल, स्प्रिंग किती कडक, याला अर्भकांच्या संचात किंमत आहे.

या संचातील पुष्कळ अवजारे माणसांच्या नावांनी ओळखली जातात, आणि त्या नावांमागे बहुधा एखाद्या शल्यचिकित्सकाची अडचण असते. ऑस्ट्रेलियात जन्मलेले व लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात काम केलेले डेनिस ब्राउन यांनी केवळ मुलांच्या शस्त्रक्रियेस वाहून घेतले. त्यांच्या नावाचे एक कडे आजही बालशल्यचिकित्सेत वापरात आहे. बाळाच्या पोटावर हे कडे ठेवून त्याला लहान पाती अडकवितात व जखमेच्या कडा दूर धरतात. मोठ्यांच्या शस्त्रक्रियेत हे काम समोर उभा असलेला मदतनीस हाताने करतो. अर्भकाच्या पोटावर चार हात मावत नाहीत. कडे आले, मदतनीसाचे हात बाहेर गेले आणि शल्यचिकित्सकाला आत पाहावयास जागा झाली.

आजीबाईंच्या नातवाला जो आजार होता, त्याची कथाही अशीच. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होऊन वाट बंद होते. बाळ तीन ते सहा आठवड्यांचे झाले की दूध पिताच कारंज्यासारखी उलटी होऊ लागते. पोटात बोराएवढी गाठ हाताला लागते. (पालकांनी लक्षात ठेवावे : बाळ भुकेले असते, दूध मागते आणि लगेच दूरवर ओकते. 'बाळसे धरेल, थांबा' असे कोणी म्हणाले तरी थांबू नये.) जर्मनीचे कॉनराड रामस्टेड यांनी 1912 साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही रूढ आहे. जाड स्नायू वरून चिरायचा, आतील पातळ अस्तर अखंड ठेवायचे व चीर शिवायची नाही. चीर दिल्यावर स्नायूचे दोन भाग फाकवावे लागतात, आणि तेथे नेहमीचा चिमटा निरुपयोगी ठरतो, कारण तो मिटण्यासाठी घडविलेला असतो. यासाठी बेन्सन यांच्या नावाचे एक अवजार आहे. त्याच्या टोकांच्या बाहेरील बाजूस खाचा आहेत. मूठ दाबली की टोके उघडतात व खाचांमुळे न घसरता स्नायू दोहों बाजूंस सरकवितात. अस्तराला छिद्र पडले, तर आठ दिवसांच्या कामाचे पंधरवड्यांचे दुखणे होते. त्या खाचांचे महत्त्व एवढे आहे.

आमच्या सर्वांत आवडीची गोष्ट मात्र चिमट्याची नव्हे, एका रबरी नळीची आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे भूलतज्ज्ञ फिलिप आयर हे स्वतः दुभंगलेला ओठ व टाळू घेऊन जन्मले होते. अशाच बाळांच्या शस्त्रक्रियेत भूल देताना त्या काळच्या मोठ्या यंत्रातील झडपा उघडण्यासच बाळाचा जीव थकून जाई. आयर यांनी 1937 साली झडपा काढूनच टाकल्या. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक तुकडा ठेवला : एका बाजूने वायू येतो, एका बाजूस बाळ, तिसरी बाजू मोकळी. लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी 1950 साली त्या मोकळ्या बाजूस शेपटीकडे उघडी असलेली एक छोटी पिशवी जोडली. ही पिशवी भूलतज्ज्ञ बोटांत धरून हलकेच दाबतात. आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई म्हणतात की पडद्यावरचा आकडा बदलण्याआधी बाळाची छाती कडक झाल्याचे या पिशवीतून त्यांच्या बोटांना कळते. उत्तम अवजार केवळ हाताची आज्ञा आत पोहोचवीत नाही, आतली खबरही हाताला देते. आपल्या शस्त्रक्रियागृहातील लाखो रुपयांच्या भूलयंत्राशेजारी ही पिशवी टांगलेली असते. अहवाल वर्षातील खरेदी-यादीत ती अगदी तळाला सापडेल.

एका फसलेल्या खरेदीचा हिशेब

दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया आता सर्वांस परिचित आहे. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून ही पद्धत मोठ्यांत रूढ होत गेली. मुलांपर्यंत ती पोहोचण्यासाठी आधी दुर्बीणच बारीक व्हावी लागली. ते ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या 1959 सालच्या कल्पनेमुळे शक्य झाले. त्यांनी नळीत छोटी भिंगे दूरदूर बसविण्याऐवजी काचेचे लांब दांडेच भरले, त्यामुळे बारीक नळीतूनही भरपूर उजेड व स्वच्छ चित्र मिळू लागले. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा बाळाच्या गळ्याला छेद न देता काढता येतो, तो याच शोधामुळे.

एका कुटुंबाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ 'लहान मुलांच्या दुर्बीण शस्त्रक्रियेसाठी' आपल्या संस्थेस देणगी दिली. आम्ही नियमानुसार तीन दरपत्रके मागविली व सर्वांत कमी दराचे मंजूर केले. 'हाच संच मुलांनाही चालतो,' असे पुरवठादाराचे म्हणणे होते. आम्ही त्यावर विसंबलो. संच आला, बिल चुकते झाले, फलकही लागला. आपले मानद बालशल्यचिकित्सक शनिवारी आले, त्यांनी पेटी उघडली आणि काही न बोलता भांडारातून बुटाचे एक रिकामे खोके मागविले.

खोक्याच्या झाकणाला भोके पाडून त्यांनी दोन अवजारे आत सोडली व आम्हास म्हणाले, "आत मुगाचे दाणे टाकलेत. एक उचलून दाखवा." आम्ही प्रयत्न केला. दाणा उचलला गेला नाही, पण दोन्ही कोपरे खांद्यापर्यंत वर गेली, अवजारांच्या मुठी एकमेकींवर आपटल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या बरगडीत आमचे कोपर बसले. मग त्यांनी शाळेतील तरफ समजावून सांगितली. पोटाच्या भिंतीतील छिद्र हा टेकू. अवजाराची दांडी 36 सेंटिमीटर. बाळाच्या पोटात तिचा सुमारे 6 सेंटिमीटर भाग मावतो, 30 सेंटिमीटर बाहेर राहतो. आतले टोक एक सेंटिमीटर सरकवायचे, तर बाहेरचा हात पाच सेंटिमीटर फिरवावा लागतो, तोही उलट दिशेने. दांडी 20 सेंटिमीटरची घेतली, तर बाहेर 14 उरतात आणि हाताची फेरी सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास येते. हे गणित व्याजाच्या त्रैराशिकापेक्षा अवघड नाही. आम्ही ते मांडलेच नव्हते.

जाडीचेही तसेच. आमच्या संचातील अवजारे पाच व दहा मिलिमीटर जाडीची होती. अर्भकांसाठी तीन मिलिमीटरची लागतात. मात्र बारीक दांडी लवते व लवकर वाकते, म्हणून ती आखूडच ठेवावी लागते. फार आखूड केली, तर दोन्ही मुठी बाळाच्या अंगावर टेकतात. लांबी, जाडी व ताठपणा या तिघांचा ताळमेळ घालणे हेच रचनाकाराचे कौशल्य. पोट फुगविण्यासाठी प्रौढांत 12 ते 15 मिलिमीटर पारा एवढा दाब देतात. नवजात बाळात 6 ते 8 पुरतो, कारण त्याहून अधिक दाबाने श्वासपटल वर ढकलले जाऊन श्वास कोंडतो. म्हणजे दाब देणारे यंत्रही कमी दाबावर अचूक चालणारे हवे. बाळाच्या पोटाची भिंत इतकी पातळ असते की ट्रॉकारची नळी ओढताना सरळ बाहेर निसटते. त्यावर अनेक शल्यचिकित्सक रबरी कॅथेटरचा एक छोटा तुकडा नळीवर चढवून तो त्वचेला टाक्याने बांधतात. हा उपाय कोणत्याही दरपत्रकात नव्हता.

तो संच एकाही अर्भकावर वापरला गेला नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करतो. त्या महिन्यात ठरलेल्या बाळांच्या शस्त्रक्रिया छेद देऊन, बारीक अवजारांनी, नेहमीच्या पद्धतीने पार पडल्या. संच प्रौढ रुग्णांच्या उपयोगी पडला, त्यामुळे पैसा बुडाला नाही. पण देणगीदारांचा हेतू साधला नाही व तो दोष सर्वस्वी आमचा होता. तसे पत्र आम्ही त्या कुटुंबास लिहिले. उत्तरात एकच ओळ आली : पुढच्या खरेदीच्या वेळी आम्हालाही बोलवा.

त्यानुसार पुढील खेपेस आम्ही पद्धत बदलली. दरपत्रकांआधी नमुने मागविले. प्रत्येक नमुना आपल्या शल्यचिकित्सकांनी व सिस्टरांनी हातमोजे घालून त्याच खोक्यावर चालवून पाहिला. येथे एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. आपल्या भांडारात 6 पासून 8.5 पर्यंतच्या मापांचे हातमोजे लागतात, पण अवजारांच्या मुठी एकाच मापाच्या येतात, आणि ते माप मोठ्या पंजाचे असते. बालशल्यचिकित्सेत आपल्याकडे स्त्रियांनी फार मोठे काम केले आहे. मुंबई विद्यापीठाच्या 1995 ते 2000 या काळातील कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख या बालशल्यचिकित्सकच होत्या. असे असता सहा नंबरचा हातमोजा घालणाऱ्या डॉक्टरांनी आठ नंबरच्या पंजासाठी घडविलेली मूठ दोन्ही बोटे ताणून का चालवावी? आपल्या एका तरुण डॉक्टरांचा अंगठा लांबलेल्या शस्त्रक्रियेनंतर बधिर होई. त्या हे कोणास सांगत नसत. कडीची कड अंगठ्याच्या मज्जातंतूवर दाबली जाऊन असे होते, हे शल्यचिकित्सकांत पूर्वीपासून माहीत आहे. रुंद, गोलसर कडेची मूठ निवडल्यावर तक्रार थांबली. ही मूठ किमतीने सर्वांत स्वस्त नव्हती. विश्वस्त मंडळाने कारणासहित मंजुरी दिली याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आणखी काही सुधारणांस तर जवळजवळ खर्चच आला नाही. शस्त्रक्रियेचे टेबल साडेसहा फुटी प्रौढासाठी असते, बाळ असते पन्नास सेंटिमीटरचे. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या बाळावर दोन्ही बाजूंनी वाकून काम करणाऱ्यांच्या मानेचे व कमरेचे हाल होतात. आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बाळास टेबलाच्या पायथ्याकडील टोकाशी घेतात, शल्यचिकित्सक तेथे समोर उभे राहतात व पडदा त्यांच्या नजरेच्या रेषेत किंचित खाली ठेवतात. टेबल खाली घेतले की उंच डॉक्टरांना वाकावे लागते, वर घेतले की बुटक्या सिस्टरांचे खांदे चढतात. यावर वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदारांनी एकावर एक बसणारे, रबरी तळाचे पोलादी पाट करून दिले. ज्याला जेवढी उंची हवी, तेवढे पाट. विजेच्या कॉटरीची प्रौढांची प्लेट बाळाच्या पाठीपेक्षा मोठी असते, म्हणून अर्भकांसाठी लहान प्लेट, किंवा प्लेटच लागत नाही असा दोन टोकांचा चिमटा वापरतात. उष्णतेच्या पेचावरही उतारा आहे. सगळी खोली तापविण्यावर भर न देता बाळाखाली उबदार हवेची गादी द्यावी आणि हातपाय व डोके कापसात गुंडाळावे. घरी न्हाऊ घातल्यावर आपण काय करतो, तेच.

पाट करून देणाऱ्या त्या कारखानदारांनी उत्साहाने विचारले, "साहेब, चिमटेही करून देऊ का?" त्यांच्या यंत्रांवर ते काम होण्यासारखे आहे, यात शंका नाही. तथापि पायाखालचा पाट वेगळा व पोटात जाणारे अवजार वेगळे. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत. पोलाद कोणते, वारंवार ऑटोक्लेव्हमध्ये घातल्यावर ते गंजते का, टोक तुटून आत राहण्याचा संभव किती, याची तपासणी व नोंद असल्याविना असे अवजार कोणा बाळाच्या शरीराजवळ नेता येत नाही, आणि नेऊही नये.

मग आपल्या लोकांच्या हातांसाठी अवजार घडवायचे कोणी? त्याची वाट आपल्यापासून फार दूर नाही. पवईच्या आयआयटीमध्ये औद्योगिक संकल्पनाचे केंद्र 1969 सालापासून आहे, आणि 2014 साली तेथे प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांसाठीचे केंद्र उभे राहिले. डॉक्टर व अभियंता यांना एकत्र बसविणे हा त्याच्या कामाचा गाभा आहे. मुडपलेल्या पावलांच्या बाळांसाठीचा पट्टा हे तेथील कामांपैकी एक. त्याच पावलांसाठी डेनिस ब्राउन यांनी पूर्वी दोन्ही पावले एका आडव्या पट्टीला बांधणारा स्प्लिंट प्रचारात आणला होता. अशा कामाची रीत साधारणतः अशी असते : अभियंते आधी शस्त्रक्रियागृहात उभे राहून नुसते पाहतात, मग मातीचे किंवा प्लास्टिकचे नमुने करून हातांत देतात, नाकारले गेलेले मोडून पुन्हा करतात, आणि पोलादाला हात शेवटी घालतात. आमच्याकडे मात्र आधी पोलाद आले आणि विचार नंतर.

पालकांच्या मनात एक प्रश्न उरेल : मग सर्वच अर्भकांच्या शस्त्रक्रिया येथे होतात काय? नाही. अंतर्गळ, जठराच्या तोंडाचा अडथळा व तत्सम शस्त्रक्रिया येथे होतात. अन्ननलिकाच जोडलेली नसणे यांसारख्या व्यंगांची पहिली यशस्वी थेट जोडणी अमेरिकेत मिशिगनच्या कॅमेरॉन हाइट यांनी 1941 साली केली. अशा बाळांना शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस विशेष कक्षाची व रात्रंदिवस तज्ज्ञांची गरज असते. त्यांना आम्ही ऊब देऊन, नळी घालून, सोबत सिस्टर देऊन परळला पाठवितो. तेथे 1929 साली सुरू झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. अवजारे घेतली म्हणून हात सरावले असे होत नाही. त्याला पुरेशा संख्येने रुग्ण लागतात. पाठविण्याचा निर्णय घेताना आमच्या डॉक्टरांना कमीपणा वाटत नाही, तो पालकांनीही मानू नये.

आजीबाईंच्या नातवाची शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. पहिला दिवस सलाईनमधून पाणी व क्षार भरून काढण्यात गेला, कारण कोरड्या पडलेल्या बाळाला भूल देण्यात अधिक धोका असतो. उशीर का, म्हणून घरचे अस्वस्थ झाले होते. बेन्सनचे ते अवजार दोन मिनिटेही वापरावे लागले नाही. दुसऱ्या सकाळी बाळ आईचे दूध प्यायले व ते पोटात राहिले. घरी जाण्यापूर्वी आजींना आम्ही बाळासाठी वापरलेला संच, धुऊन वाळत ठेवलेला, काचेपलीकडून दाखविला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "आमच्या सोनाराकडं असतात तशीच की."

जाता जाता हिशेबातील एक बाब. यंदाच्या लेखापरीक्षणात डेडस्टॉक रजिस्टरमधील 'बुटाचे खोके, भोके पाडलेले – 1' ही नोंद पाहून तरुण लेखापरीक्षकांनी ती चूक असावी असे समजून लाल खूण केली व आमच्याकडे खुलासा मागितला. आम्ही खोके आणविले, दोन अवजारे त्यांच्या हाती दिली आणि आत मुगाचे दाणे टाकले.